चोर सोडून संन्याशाला सुळी

नक्कल हा शब्द आमच्या सरकारी कचेरीत दिवसातून वीसदा तरी कानावर पडतो. एक-चौदाच्या उताऱ्याची नक्कल, जन्मदाखल्याची नक्कल, जुन्या आदेशाची नक्कल. अर्ज करा, फी भरा, खरी प्रत म्हणून शिक्का मारून घ्या. कागदाच्या राज्यात नकलेला मान आहे. मूळ कागद वाळवीने खाल्ला तर तीच आधाराला येते. पण गेल्या पन्नास वर्षांत असा एक धंदा उभा राहिला की त्याला या शब्दानेच कापरे भरते. तो म्हणजे संगणकावरच्या खेळांचा धंदा.

विषय पोरखेळाचा वाटेल, पण तसा तो नाही. आज चाळिशीत असलेल्या आमच्या पिढीतल्या अनेकांनी हे खेळ सीडीवर खेळले, आणि आता त्यांची मुले ते मोबाइलवर खेळतात. या खेळांची नक्कल होऊ नये म्हणून कंपन्यांनी जी कुलपे बसवली त्यांचा इतिहास पाहिला, तर एक साधा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. रोख पैसे मोजून घेतलेली वस्तू आपली असते की नसते? हा प्रश्न खेळापुरता राहिलेला नाही म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात १९७६ सालापासून करू. त्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेतल्या एका विशीतल्या तरुणाने संगणकाचा छंद असणाऱ्यांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी 'अल्टेअर' या छोट्या संगणकासाठी बेसिक ही भाषा तयार केली होती, आणि लोक ती कागदी फितीवर उतरवून एकमेकांना फुकट वाटत होते. तुमच्यातले बहुतेक जण आमचा माल चोरतात, असे त्याने त्यात सरळ सांगून टाकले. तरुणाचे नाव बिल गेट्स.

तक्रार रास्त होती. सुताराची खुर्ची चोरली तर ती सुताराकडून जाते, सर्वांना दिसते. प्रोग्रामची नक्कल केली तर मूळ जागच्या जागी राहते. त्यामुळे नक्कल करणाऱ्याला आपण काही उचलले असे वाटतच नाही, आणि रात्ररात्र जागून तो लिहिणाऱ्याच्या पोटावर मात्र पाय येतो. तेव्हा कुलूप लावावेसे वाटणे हे माणसाच्या स्वभावाला धरूनच झाले. पुढे ते कुलूप कोणाच्या दाराला लागले, ते पाहण्यासारखे आहे.

ऐंशीच्या दशकात खेळ फ्लॉपीवर यायचे. कंपन्या फ्लॉपीवरची थोडी जागा मुद्दाम खराब करून ठेवायच्या. साध्या नकलेत ती खराब जागा उतरत नसे. खेळ सुरू होताना आधी ती शोधायचा, सापडली नाही की बंद! 'कमोडोर ६४' हा त्या काळचा लोकप्रिय घरगुती संगणक. त्याच्या १५४१ या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये अशी जागा वाचताना वाचणारे डोके खडखड आपटायचे, आणि आपटून आपटून जागेवरून सरकायचे. म्हणजे पैसे देऊन खेळ घेणाऱ्याचा ड्राइव्ह दुरुस्तीला! ज्याने कुलूप फोडलेली नक्कल घेतली, त्याच्या प्रतीतून ही तपासणीच काढून टाकलेली असायची. त्याचा ड्राइव्ह ठणठणीत.

ब्रिटनमध्ये १९८५ साली 'एलिट' हा अंतराळातल्या व्यापाराचा खेळ 'झेडएक्स स्पेक्ट्रम' या संगणकावर आला. त्याच्या खोक्यात 'लेन्सलॉक' नावाची प्लास्टिकची भिंगपट्टी होती. पडद्यावर चिरफाळ्या झालेली दोन अक्षरे दिसायची, ती या भिंगातून पाहून ओळखायची आणि मग आत शिरायचे. घरातला टीव्ही फार मोठा किंवा फार लहान असला की अक्षरे जुळतच नसत. त्यात भर म्हणजे काही खोक्यांत चुकीचेच भिंग गेले. ते गिऱ्हाईक बिचारे डोळे ताणून बसले असेल!

कुलूप फोडणाऱ्यांच्या टोळ्याही याच काळात झाल्या. फोडलेल्या खेळाच्या सुरुवातीला ते आपले नाव, सरकती अक्षरे आणि संगीताचा एखादा तुकडा घालायचे, कारागिराने मूर्तीखाली सही करावी तसे. त्या सहीतूनच पुढे 'डेमोसीन' ही स्वतंत्र संगणककला वाढली. फिनलंडने तर २०२० साली तिला आपल्या जिवंत वारशाच्या राष्ट्रीय यादीत जागा दिली. चोरवाटेने आलेली गोष्ट वारसा होऊन बसते ती अशी.

आता एका कारखान्याची गोष्ट सांगतो. त्याच्या तीन खेळांत या कुलपांचा सगळा इतिहास सामावला आहे. 'मॅक्सिस' ही कंपनी विल राइट आणि जेफ ब्राउन यांनी १९८७ साली कॅलिफोर्नियात काढली. तिचा 'सिमसिटी' हा खेळ १९८९ साली आला. यात मारामारी नाही, शर्यत नाही. मोकळ्या जमिनीवर रस्ते आखायचे, वीज द्यायची, कर बसवायचा आणि शहर वाढवायचे. थोडक्यात, नगरपालिकेचा कारभार! आम्हा कारकून मंडळींना घरी जाऊनही कचेरी सुटत नाही असा हा खेळ. पण जगभर तो लोकांनी डोक्यावर घेतला.

या खेळासोबत एक गडद लाल कागद यायचा. त्यावर चिन्हे आणि जगातल्या शहरांची लोकसंख्या छापलेली असे. खेळ सुरू झाला की त्यावरचा एखादा तपशील विचारायचा. कागद लालच का? कारण झेरॉक्स काढली की सगळे काळेकुट्ट यायचे. ज्याने आयुष्यात हजारो झेरॉक्स काढल्या आहेत त्यालाच या युक्तीची गंमत कळेल. अर्थात हाताने उतरवून घ्यायला कोणाची मनाई होती? चिकाटीचा माणूस तासाभरात यादी उतरवून घेणार. आणि ज्याने खेळ विकत घेतला पण घर बदलताना कागद हरवला, तो बाहेरच राहणार.

तरीही हे कुलूप सौम्य होते असे मी म्हणेन. कागद जवळ असला की विषय संपला. खेळ तुमचा, तुम्ही तो दहा संगणकांवर घाला, वीस वर्षांनी घाला, भावाला द्या, विका. कंपनीला विचारायला जावे लागत नव्हते.

नव्वदच्या दशकात सीडी आली, आणि दशक संपता संपता घरोघरी सीडी उतरवून घेण्याची यंत्रे आली. आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय काय मिळायचे ते त्या पिढीला सांगायला नको. कंपन्यांनी मग 'सेफडिस्क', 'सेक्युरॉम', 'स्टारफोर्स' अशी नवी कुलपे आणली. जुने कुलूप फ्लॉपीत किंवा कागदावर असायचे, हे नवे तुमच्या संगणकाच्या आतच जाऊन बसू लागले. खेळासोबत एखादा छुपा प्रोग्राम संगणकाच्या अगदी गाभ्यात शिरायचा आणि खेळ काढून टाकला तरी कधीकधी तिथेच ठाण मांडून राहायचा. लोकांचा आरडाओरडा इतका झाला की युबिसॉफ्ट या मोठ्या फ्रेंच कंपनीने २००६ साली स्टारफोर्सचा नाद सोडला.

एव्हाना मॅक्सिस इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, या बड्या कंपनीने १९९७ साली विकत घेतली होती. विल राइट यांचा 'स्पोर' हा खेळ सप्टेंबर २००८ मध्ये बाजारात आला. एका पेशीपासून सुरुवात करून प्राणी घडवायचा, त्याची टोळी, मग संस्कृती, मग अंतराळ. लोक कित्येक वर्षे त्याची वाट पाहत होते. खोके उघडले तर आत सेक्युरॉमचे कुलूप! खेळ इंटरनेटवरून कंपनीची परवानगी घेऊन फक्त तीन वेळा संगणकावर चढवता येणार. संगणक बदलला की एक वेळ गेली. विंडोज बिघडून नव्याने टाकले की आणखी एक वेळ गेली. तीन संपल्या की कंपनीला फोन करा, आपण चोर नसल्याचे सांगा, आणि त्यांच्या मर्जीने पुढची परवानगी मिळवा. शिवाय एका प्रतीवर एकच खाते. घरातल्या दोन मुलांना आपापले प्राणी वेगळे ठेवायचे तर दुसरी प्रत घ्या.

लोक भडकले. ॲमेझॉनच्या दुकानात या खेळाच्या पानावर काही दिवसांत दोन हजारांहून अधिक अभिप्राय पडले, आणि त्यांतले बहुतेक एकच तारा देणारे. खेळ वाईट आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते. पूर्ण किंमत मोजून आम्ही हा खेळ भाड्याने घेतला आहे का, असे ते विचारत होते. कॅलिफोर्नियात कंपनीवर दावाही दाखल झाला. आमच्या संगणकात हे कुलूप शिरते आहे याची आगाऊ कल्पना दिली नाही, अशी तक्रार. कंपनीने दोन-तीन आठवड्यांत तीनच्या जागी पाच वेळा केल्या, खात्यांची अटही सैल केली. पण व्हायची ती नाचक्की झाली.

आणि चोर? त्यांना कसलाच त्रास नव्हता. स्पोरची कुलूप फोडलेली प्रत खेळ अधिकृतपणे विक्रीला येण्याआधीच इंटरनेटवर फिरत होती. चोरट्या देवाणघेवाणीवर लक्ष ठेवणाऱ्या टॉरेंटफ्रीक या संकेतस्थळाने २००८ सालातला सर्वांत जास्त चोरून उतरवलेला खेळ म्हणून स्पोरचेच नाव दिले, आणि आकडा दिला सुमारे १७ लाखांचा. ज्याने पैसे भरले त्याच्या पदरी तीन वेळांची मर्यादा, ज्याने फुकट उतरवला त्याला मर्यादाच नाही! आपल्या पूर्वजांनी चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण संगणक पाहण्याआधीच करून ठेवली हे बरे.

इथे खेळ करणाऱ्यांची बाजूही मांडायला हवी, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. त्याच २००८ साली 'वर्ल्ड ऑफ गू' नावाचा एक सुरेख खेळ आला (नावावर जाऊ नका!). तो 'टूडी बॉय' या दोन माणसांच्या छोट्या कंपनीने केला, आणि त्याला कसलेही कुलूप लावले नाही. त्यांच्याच अंदाजाप्रमाणे खेळल्या जाणाऱ्या प्रतींपैकी सुमारे ८२ टक्के प्रती फुकटच्या होत्या. दोन माणसांच्या संसारात हे दुःख लहान नाही. पण त्यांनीच तुलनेला दुसरा आकडा दिला होता. 'रिकोशे इन्फिनिटी' या कुलूपबंद खेळाच्या बाबतीत चोरीचे प्रमाण ९२ टक्के नोंदले गेले होते. दोन खेळांवरून सिद्धांत मांडू नये हे खरे. पण कुलपाने चोरी थांबते या समजाला आधार कुठे आहे, हे तरी विचारायला हवे.

यावर पोलंडमध्ये एक वेगळा उपाय निघाला. तिथे नव्वदच्या दशकात चोरट्या प्रती बाजारात उघड्यावर विकल्या जात. 'सीडी प्रोजेक्ट' या कंपनीने १९९९ साली 'बाल्डर्स गेट' हा खेळ पोलिश भाषेत आणताना कुलपापेक्षा खोक्याकडे जास्त लक्ष दिले. खोक्यात नकाशा घातला, नियमांचे पुस्तक घातले, संगीताची सीडी घातली, आणि आवाज पोलिश नटांचे घेतले. चोरट्याकडे नुसती तबकडी मिळेल, आमच्याकडे पूर्ण ताट वाढलेले मिळेल, असा हिशेब. लोकांनी पैसे मोजून तो घेतला. याच मंडळींनी २००८ साली 'गॉग' हे जुने खेळ बिनकुलपाचे विकणारे दुकान इंटरनेटवर काढले, आणि ते आजही चालू आहे. गिऱ्हाइकाच्या भाषेत त्याच्याशी बोलले तर तो पैसे देतो, हे मराठी प्रकाशकांनीही ध्यानात घेण्यासारखे.

पण मोठ्या कंपन्या दुसऱ्या दिशेला निघाल्या होत्या. युबिसॉफ्टने २०१० साली 'असॅसिन्स क्रीड २' संगणकावर आणला तो अशा अटीवर, की एकट्याने खेळतानाही इंटरनेट सतत चालू हवे. जोडणी तुटली की खेळ थांबला. मार्चमध्ये कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला, आणि पैसे भरलेली माणसे आपल्याच घरात आपल्याच खेळाबाहेर उभी राहिली. आपल्या सत्तरी-सांग्यातल्या एखाद्या घरात पावसाळ्यात हा खेळ घेऊन बसण्याची कल्पना करून पाहा. वीज आली तर फोन नाही, फोन आला तर वीज नाही!

मग मॅक्सिसचा तिसरा खेळ आला. मार्च २०१३ मध्ये नवा 'सिमसिटी' निघाला, आणि त्यालाही इंटरनेटची जोडणी लागायची. पहिल्याच दिवसापासून सर्व्हर कोसळले. पैसे भरून लोक रांगेत तिष्ठत राहिले, कोणाची उभारलेली शहरे गायब झाली. ॲमेझॉनने काही काळ त्याची विक्रीच थांबवली. शहराची बरीच आकडेमोड आमच्या सर्व्हरवर होते, म्हणून जोडणी लागतेच, असे कंपनी सांगत होती. थोड्याच दिवसांत एका हौशी माणसाने त्यात फेरफार करून तो जोडणीशिवाय चालवून दाखवला. कंपनीने गिऱ्हाइकांना भरपाई म्हणून एक खेळ फुकट दिला, आणि वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, जोडणीशिवाय खेळण्याची सोय केली. मार्च २०१५ मध्ये मॅक्सिसची एमरीव्हिलची कचेरी बंद झाली. १९८९ साली जो खेळ एका लाल कागदावर निभावला, तो २०१३ साली कंपनीच्या यंत्राला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नव्हता. पंचवीस वर्षांत गिऱ्हाईक मालकाचा भाडेकरू झाला तो असा.

या इतिहासातला सर्वांत मजेशीर कागद कंपन्यांनी स्वतःच फाइलला लावून ठेवला आहे. युबिसॉफ्टच्या 'रेनबो सिक्स वेगस २' या खेळात २००८ साली कुलपामुळे अडचण आली, तेव्हा कंपनीने गिऱ्हाइकांना जी दुरुस्ती दिली ती चक्क कुलूप फोडणाऱ्या एका टोळीने तयार केलेली फाइल निघाली. 'मॅक्स पेन २' या खेळाच्या 'स्टीम' या ऑनलाइन दुकानात विकल्या जाणाऱ्या अधिकृत प्रतीत २०१० साली दुसऱ्या एका टोळीची खूण सापडली. म्हणजे आपलेच कुलूप उघडायला मालकाला चोराची किल्ली घ्यावी लागली!

हसण्यावारी नेण्याची गोष्ट मात्र पुढची आहे असे नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विंडोज १० काढताना सेफडिस्कला आणि सेक्युरॉमच्या जुन्या प्रकारांना आधार देणे बंद केले. संगणकाच्या गाभ्यात शिरणारी ही कुलपे सुरक्षेला धोका आहेत, हे त्याचे कारण. परिणाम असा की त्या दहा-पंधरा वर्षांतले कित्येक अस्सल खेळ, मूळ सीडी हातात असूनही, नव्या संगणकावर चालेनासे झाले. ज्याच्याकडे फोडलेली प्रत आहे त्याचा खेळ चालतो.

या ठिकाणी आपल्या मातीतला एक दाखला आठवल्याशिवाय राहत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापले. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मंगळूरला जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली ते पुन्हा छापले, ते भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताने उतरवून ठेवलेल्या नकलांच्या आधारे. छापखान्याची प्रत गेली, लहियाची नक्कल राहिली. नक्कल करायला कुलूप असते तर आपले एक मराठी काव्य कायमचे गेले असते. आज अमेरिकेतले 'इंटरनेट अर्काइव्ह' जुन्या खेळांचा संग्रह करते, आणि तिथे 'ॲपल टू' या संगणकाचे कित्येक खेळ व शालेय प्रोग्राम आहेत ते कुलूप काढलेल्या रूपातच. कुलपासकट ते जतन करणे फार अवघड होते.

कायदा कुठे उभा आहे? अमेरिकेने १९९८ साली असे कुलूप फोडणे हेच बेकायदा ठरवले, मात्र दर तीन वर्षांनी सवलतींचा विचार होतो. सर्व्हर बंद पडून मेलेल्या खेळांसाठी २०१५ साली मर्यादित सवलत मिळाली. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आले. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण कायद्याने मना न केलेल्या कामासाठी ते काढण्यास त्याच कलमात वाट ठेवली आहे. आमच्या कायद्याने या बाबतीत तारतम्य दाखवले असे म्हणावे लागेल.

तरीही प्रश्न सुटला नाही. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद केले. २०१४ साली पैसे देऊन घेतलेली तबकडी त्या दिवशी निव्वळ प्लास्टिक झाली. त्यातून रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी केली. विकलेला खेळ बंद करताना तो कसातरी चालू राहील अशी व्यवस्था कंपनीने करून द्यावी, एवढीच मागणी. युरोपीय संघाकडे द्यायच्या त्यांच्या अर्जावर जुलै २०२५ मध्ये सह्यांनी १० लाखांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून नवा नियम लागू झाला आहे. विकत मिळते ते केवळ वापराचे परवानापत्र असेल, तर दुकानदाराने 'खरेदी करा' असे बिनधास्त लिहू नये, खरी गोष्ट स्पष्ट सांगावी.

वाचकहो, आता आपली गाणी, सिनेमे, पुस्तके सगळी याच वाटेने घरात येत आहेत. 'खरेदी' या बटणावर बोट ठेवण्यापूर्वी एकच गोष्ट विचारून घ्या. उद्या ही कंपनी बुडाली, तर ही वस्तू माझ्या घरात चालेल का? उत्तर होय असेल तर जरूर पैसे द्या, कारण करणाऱ्याच्या घामाचे मोल द्यायलाच हवे. उत्तर नाही असेल तर ते भाडे आहे असे समजा, आणि भाड्याइतकेच पैसे मोजा.